ट्रॅक्टर शेडमधली लाईट आणि वायरिंग: तार घेण्याआधी वाचा



ब्लोअर आणि ट्रॅक्टर धुवायला बऱ्याच जणांनी प्रेशर वॉशर घेतलाय. चांगलंच झालं. पण तो घरातल्या बोर्डवरून एक्स्टेन्शन ओढून, ओल्या फरशीवर उभं राहून चालवला जातोय. हे जिवावरचं काम आहे.

आधी लोडचा हिशेब करा. 1800 वॉटचा वॉशर साधारण 8 अँपिअर घेतो. टायरसाठी 2 एचपीचा कॉम्प्रेसर जोडला की तेवढेच आणखी. म्हणजे 6 अँपिअरची छोटी पिन इथे चालणारच नाही. दोन्हीला वेगवेगळे 16 अँपिअरचे पॉइंट घ्या.

मीटरपासून शेड 50 मीटर लांब असेल आणि तांब्याची तार दीड एमएमची, तर एकट्या वॉशरला 10 व्होल्ट वाटेतच जातात. 4 एमएमला 4 सुद्धा जात नाहीत. गावात आधीच व्होल्टेज कमी, त्यात मोटर जोर काढते, तापते आणि जळते. मग दोष कंपनीला! शेतीपंपाच्या लाईनवरून शेडला वायर ओढू नका, ती जोडणी पंपासाठी आहे.

एमसीबी असला म्हणजे झालं, असं समजू नका. तो तार जळू देत नाही, माणसाला वाचवत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. सोबत चांगली अर्थिंग हवीच. अर्थिंग असेल तर मशीनच्या बॉडीत करंट उतरला की तुमचा हात लागण्याआधीच तो पडतो. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबून बघा. आणि पिनेचा तिसरा जाड पाय कापू नका, कितीही घाई असली तरी.

दिव्यांचं म्हणाल तर मधोमध एक मोठा बल्ब लावला की उजेड बॉनेटवर आणि आपलीच सावली कामावर. त्यापेक्षा 20 वॉटच्या चार एलईडी ट्यूब दोन्ही बाजूंना लावा, त्यातल्या दोन खांद्याच्या उंचीवर. तिरप्या उजेडात ऑइलची गळती, नोझलची चीर लगेच दिसते. त्या पाणी न शिरणाऱ्या, म्हणजे आयपी 65 लिहिलेल्या घ्या. ट्रॅक्टरखाली मात्र चार्जिंगची बॅटरीच न्या, वायरचा होल्डर नको.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मीटरपासूनचं अंतर आणि मशीनच्या पाटीचा फोटो ग्रुपवर टाका, कोणती तार लागेल ते सांगतो.