संकासुराचे सोंग आणि ‘गँगस्टा रॅप’

मालवण-वेंगुर्ल्याकडील जत्रेत रात्री दशावताराचा खेळ उभा राहतो. आरंभीच्या भागात काळ्या वेषातील संकासूर येतो, ब्रह्मदेवाचे वेद चोरतो, मालवणी बोलीत टर उडवितो आणि अखेर विष्णूच्या हातून मारला जातो. त्या नटाला चोर समजून फौजदाराच्या स्वाधीन करावे, असे कोणाही प्रेक्षकाच्या मनात येत नाही. सोंग निराळे व सोंग घेणारा निराळा, हे कोकणातील लहान पोरही जाणते. अमेरिकेतील ‘गँगस्टा रॅप’ ह्या गायनप्रकाराविषयी जो वाद माजला, त्याच्या मुळाशी हाच भेद आहे.

रॅप म्हणजे ठेक्यावर यमके जुळवीत केलेले पठण. 1973 साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क ह्याने तबकड्या वाजवून जे जलसे केले, त्यांतून ह्या कलेचा उगम झाला. पुढे फिलाडेल्फियाच्या स्कूली डी ह्याने 1985 साली व लॉस एंजेलिसच्या आइस-टी ह्याने 1986 साली गुंडाची कहाणी गुंडाच्याच मुखाने वदविली. 1988 साली कॉम्प्टन येथील ‘एन. डब्ल्यू. ए.’ ह्या संचाची ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. बेकारी, कोकेनचा व्यापार, टोळ्यांचे वैर आणि पोलिसांचा जाच हे त्या वस्तीचे नित्याचे जिणे होते. पोलिसांवरील एका गीताबद्दल 1989 साली संघीय तपास खात्याच्या अधिकाऱ्याने प्रकाशक कंपनीला नापसंतीचे पत्र धाडले. परंतु 1992 साली रॉडनी किंग ह्यास मारहाण करणारे पोलीस निर्दोष सुटले आणि लॉस एंजेलिस पेटले, तेव्हा गीतांतील तक्रार निराधार नव्हती, हे पुष्कळांस उमगले.

तथापि विरोधकांचे म्हणणेही पोकळ नव्हते. ह्या गीतांत स्त्रियांची विटंबना होते, म्हणून नागरी हक्कांच्या चळवळीतील सी. डेलोरेस टकर ह्या कृष्णवर्णीय बाईंनीच त्यांविरुद्ध मोहीम उघडली. 1996 साली टुपाक शकूर व 1997 साली नोटोरियस बी. आय. जी. हे नामांकित गायक गोळीबारात बळी पडले, आणि सोंग कोठे संपते हा प्रश्न अधिकच बिकट झाला. आरोपीची गीते त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयांत वाचली जाऊ लागली. 2023 च्या आरंभापासून कॅलिफोर्निया राज्याने अशा पुराव्यावर कायद्याने मर्यादा घातली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्रातही राजकीय पक्षांतरावरील रॅप गीताबद्दल राज मुंगासे ह्या तरुण गायकावर अंबरनाथ येथे गुन्हा नोंदविला गेला. त्यात गुंडाचे सोंग नव्हते, राज्यकर्त्यांवर टीका होती. परंतु शब्दांसाठी गायकाला पोलिसांच्या दारी उभे करावे काय, हा प्रश्न येथेही उपस्थित झाला.

दशावतारात संकासुराला मारावयास विष्णू येतो. गँगस्टा रॅपमध्ये बहुधा तो येत नाही; गुंड आपली फुशारकी सांगतो आणि गीत संपते. त्यामुळे त्या गुंडाचा निवाडा करण्याचे काम ऐकणाऱ्याकडे येते, आणि ते फौजदारावर सोपवून त्याला मोकळे होता येत नाही.