हॉकी इंडिया लीग (२०१३ चा हंगाम)

हॉकी इंडिया लीग ही भारतातील शहरांच्या व राज्यांच्या नावे उभारलेल्या व्यावसायिक संघांमधील मैदानी हॉकीची साखळी स्पर्धा होय. देशी खेळाडूंबरोबरच परदेशी खेळाडू हे तिच्या रचनेचेच एक अंग असल्याने ती भारतात खेळली जात असली, तरी स्वरूपाने आंतरराष्ट्रीय ठरते. तिचा पहिला हंगाम १४ जानेवारी ते १० फेब्रुवारी २०१३ या काळात दिल्ली, जालंधर, लखनौ, मुंबई व रांची येथे पार पडला. रांची राइनोज हा संघ त्यात विजयी झाला. महाराष्ट्राचे प्रतिनिधित्व मुंबई मॅजिशियन्स या संघाने केले. पाकिस्तानी खेळाडूंच्या सहभागावरून उद्‌भवलेला वाद आणि त्याची मुंबईच्या संघाला सोसावी लागलेली झळ यांमुळेही हा हंगाम भारतीय हॉकीच्या इतिहासात लक्षणीय ठरला.

व्यावसायिक हंगामाची कल्पना : बाद पद्धतीच्या स्पर्धेत एकदा हरलेला संघ स्पर्धेबाहेर जातो. याउलट साखळी पद्धतीत प्रत्येक संघ इतर सर्व संघांशी ठरावीक वेळा खेळतो व एकूण गुणांवरून त्याचे स्थान निश्चित होते. वर्षातील ठरावीक काळात चालणाऱ्या अशा सामन्यांच्या मालिकेस हंगाम म्हणतात. हंगाम हा केवळ सामन्यांचा संच नसून खेळाडूंचे करार, प्रेक्षकांची तिकिटे, प्रक्षेपणाचे हक्क व जाहिराती यांची संपूर्ण अर्थव्यवस्था त्याभोवती उभी असते. या पद्धतीचा विकसित नमुना बर्फावरील हॉकीत आढळतो. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग १९१७ मध्ये स्थापन झाली. कॅनडा व अमेरिकेची संयुक्त संस्थाने या दोन्ही देशांतील शहरांचे संघ तीत खेळतात आणि प्रत्येक संघ हंगामात ऐंशीहून अधिक साखळी सामने खेळतो. रशियात २००८ मध्ये सुरू झालेल्या काँटिनेंटल हॉकी लीगच्या पहिल्याच हंगामात रशियाखेरीज बेलारूस, लॅटव्हिया व कझाकस्तान येथील संघ होते. मैदानी हॉकीला मात्र असा दीर्घ व्यावसायिक हंगाम फारसा लाभला नाही. यूरोपातील क्लबांच्या आपापल्या राष्ट्रीय साखळी स्पर्धा आहेत व तेथील प्रमुख क्लबांसाठी २००७ पासून यूरो हॉकी लीग भरविली जाते. भारतीय उपखंडात राष्ट्रीय संघ व संस्थात्मक संघ यांच्याभोवतीच हा खेळ वाढला.

पूर्वपीठिका : मुंबईची हॉकीची परंपरा जुनी आहे. आगाखान चषक स्पर्धेचा प्रारंभ १८९६ चा मानला जातो. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉससारख्या शाळांनी देशाला ऑलिंपिक खेळाडू दिले. पुढील काळात रेल्वे, सीमाशुल्क विभाग, बँका, तेल कंपन्या व विमान कंपनी यांचे संघ हेच चांगल्या खेळाडूंचे आश्रयस्थान झाले. खेळाडूला खेळाबद्दल मानधन मिळत नसे. त्याला नोकरी मिळे व त्या नोकरीच्या आधारे तो खेळत राही. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकपासून कृत्रिम हिरवळीवर खेळ सुरू झाल्यावर या व्यवस्थेवर ताण पडला. अशा हिरवळीचा खर्च मोठा, तिला पाणीही विपुल लागते. त्यामुळे मातीच्या व गवताच्या मैदानांवर तयार होणारा खेळाडू आणि आंतरराष्ट्रीय खेळ यांत अंतर पडत गेले.

व्यावसायिक स्वरूपाचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे २००५ मध्ये सुरू झालेली प्रीमियर हॉकी लीग. भारतीय हॉकी महासंघाने दूरचित्रवाणी वाहिनीच्या साहाय्याने ती योजली. सामना दोन अर्धांऐवजी चार सत्रांत खेळविणे हे तिचे एक वैशिष्ट्य होते. (आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघानेही २०१४ मध्ये १५ मिनिटांच्या चार सत्रांची पद्धत स्वीकारली.) पुण्याजवळील खडकी येथे जन्मलेले व चार ऑलिंपिक स्पर्धांत भारताकडून खेळलेले धनराज पिल्ले हे या लीगमधील मराठा वॉरियर्स संघाचे मुख्य आकर्षण होते. पहिले विजेतेपद हैदराबाद सुलतान्स संघाने मिळविले. ही स्पर्धा २००८ पर्यंतच चालली.

दरम्यान भारतीय हॉकी महासंघावर २००८ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेने निलंबनाची कारवाई केली आणि २००९ मध्ये हॉकी इंडिया ही नवी संस्था स्थापन झाली. खेळाचे नियंत्रण कोणाकडे, हा वाद पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. महासंघाने निंबस स्पोर्ट या कंपनीसह २९ फेब्रुवारी २०१२ पासून वर्ल्ड सिरीज हॉकी ही स्पर्धा भरविली. तीत आठ संघ होते. त्यांपैकी मुंबई मरीन्स व पुणे स्ट्रायकर्स हे दोन महाराष्ट्राचे. मुंबईच्या महिंद्र हॉकी स्टेडियमवर झालेल्या अंतिम सामन्यात शेर-ए-पंजाब संघाने पुणे स्ट्रायकर्सचा ५–२ असा पराभव केला. आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता नसल्याने या स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंपुढे राष्ट्रीय संघाबाहेर राहण्याचा धोका होता. स्पर्धेचा दुसरा हंगाम झालाच नाही.

त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय संघाने आपले सर्व सामने गमावले व तो बाराव्या म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिला. आठ सुवर्णपदके मिळविलेल्या देशाची ही अवस्था जनमानसाला जिव्हारी लागली. हॉकी इंडिया लीगची उभारणी या पार्श्वभूमीवर झाली.

रचना व लिलाव : नव्या स्पर्धेला आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाची मान्यता होती व तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय वेळापत्रकात मोकळा काळ राखण्यात आला. परिणामी ऑस्ट्रेलिया, जर्मनी, नेदर्लंड्स इ. देशांचे अग्रगण्य खेळाडू उपलब्ध झाले. पहिल्या हंगामात दिल्ली वेव्हरायडर्स, पंजाब वॉरियर्स, उत्तर प्रदेश विझार्ड्‌स, रांची राइनोज आणि मुंबई मॅजिशियन्स असे पाच संघ होते. प्रत्येक संघाची मालकी एखाद्या उद्योगसमूहाकडे होती. मुंबईच्या संघाची मालकी डाबर उद्योगाशी संबंधित होती. संघात १४ भारतीय व १० परदेशी असे २४ खेळाडू असत.

खेळाडूंची निवड डिसेंबर २०१२ मध्ये दिल्ली येथे झालेल्या लिलावाने करण्यात आली. प्रत्येक संघाला एकूण खर्चाची मर्यादा होती. सरदार सिंग यांच्यासाठी दिल्लीने ७८,००० डॉलरची बोली लावली. ती त्या लिलावातील सर्वोच्च बोली होय. जर्मनीचे मोरित्स फ्यूर्स्ट रांचीकडे, ऑस्ट्रेलियाचे जेमी ड्वायर पंजाबकडे व नेदर्लंड्सचे ट्यून डी नोएयर उत्तर प्रदेशाकडे गेले. मुंबईने संदीप सिंग व गोलरक्षक पी. आर. श्रीजेश यांना घेतले. तिच्या प्रशिक्षकपदी ऑस्ट्रेलियाचे रिक चार्ल्सवर्थ होते. नोकरीच्या आधारावर खेळणाऱ्या भारतीय खेळाडूंच्या दृष्टीने एका महिन्याच्या खेळासाठी मिळणारी ही रक्कम अपूर्व होती.

गुणपद्धतीही विचारपूर्वक आखलेली होती. विजयास ५ व बरोबरीस २ गुण होते. दोन किंवा त्याहून कमी गोलांच्या फरकाने हरणाऱ्या संघासही १ गुण मिळे. त्यामुळे पिछाडीवर असलेल्या संघाला अखेरच्या मिनिटापर्यंत झुंजण्याचे कारण उरे. प्रत्येक संघ इतर चार संघांशी तीन वेळा खेळून १२ साखळी सामने खेळला. पहिले चार संघ उपांत्य फेरीत जात. अशा प्रकारे साखळीतील ३०, उपांत्य फेरीतील २, तिसऱ्या स्थानासाठी एक व अंतिम असे एकूण ३४ सामने झाले.

पाकिस्तानी खेळाडूंचा प्रश्न : लिलावात पाकिस्तानचे नऊ खेळाडू निवडले गेले होते. त्यांपैकी चार एकट्या मुंबई संघात होते. हंगाम सुरू होण्याच्या सुमारास, ८ जानेवारी २०१३ रोजी, जम्मू-काश्मीरमधील नियंत्रणरेषेवर दोन भारतीय जवान मारले गेले व देशभर संतापाची लाट उसळली. १३ जानेवारी रोजी मुंबईत शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी महिंद्र हॉकी स्टेडियमवर पाकिस्तानी खेळाडूंच्या सहभागाविरुद्ध निदर्शने केली. दुसऱ्या दिवशी दिल्लीत स्पर्धा सुरू झाली. १५ जानेवारी रोजी नऊही खेळाडूंना मायदेशी परत पाठविण्याचा निर्णय जाहीर झाला.

या निर्णयाकडे दोन्ही बाजूंनी पाहिले गेले. जवानांच्या मृत्यूनंतर लगेच त्या देशाच्या खेळाडूंचे स्वागत करणे अनेकांना अप्रशस्त वाटले. दुसरीकडे, कराराने बोलाविलेल्या खेळाडूंना सरकारांमधील तणावाची किंमत चुकवावी लागली, ही बाबही नाकारता येत नाही. मुंबईच्या संदर्भात हा विरोधाभास अधिक ठळक होतो. कारण याच शहरात भरलेली १९८२ ची विश्वचषक स्पर्धा पाकिस्तानच्या संघाने जिंकली होती. खेळाच्या दृष्टीने पाहता सर्वाधिक हानी मुंबई संघाची झाली. एकाच वेळी चार खेळाडू गमावल्याने लिलावात आखलेली त्याची घडी पहिल्या सामन्याआधीच विस्कटली.

सामने व निकाल : मुंबई मॅजिशियन्स गुणतक्त्यात पाचव्या स्थानावर राहिला व उपांत्य फेरी न गाठणारा तो एकमेव संघ ठरला. तथापि पेनल्टी कॉर्नरवरील प्रभावी फटक्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या संदीप सिंग यांनी ११ गोल करून हंगामातील सर्वाधिक गोलांचा मान मिळविला. एका मोहऱ्याच्या बळावर साखळी जिंकता येत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय. १० फेब्रुवारी रोजी रांची येथे झालेल्या अंतिम सामन्यात रांची राइनोजने दिल्ली वेव्हरायडर्सवर २–१ असा विजय मिळविला. विजेत्या संघास अडीच कोटी रुपयांचे पारितोषिक मिळाले. झारखंडच्या आदिवासी पट्ट्यात हॉकी हा घराघरांतला खेळ असल्याने रांचीच्या मैदानावर प्रेक्षकांची गर्दी होत असे. याच संघातून मनदीप सिंग हे तरुण आघाडीपटू पुढे आले आणि त्यांना लवकरच राष्ट्रीय संघात स्थान मिळाले.

नंतरचे हंगाम : २०१४ मध्ये कलिंग लान्सर्स हा सहावा संघ सामील झाला. त्या हंगामानंतर मुंबई मॅजिशियन्सने माघार घेतली व २०१५ पासून तिच्या जागी दबंग मुंबई हा नवा संघ आला. त्याने हरमनप्रीत सिंग या उदयोन्मुख बचावपटूस ५१,००० डॉलरला घेतले. २०१६ पासून मैदानी गोल दोन गोलांच्या बरोबरीचा धरण्याचा प्रयोग झाला. पेनल्टी कॉर्नरवर विसंबण्याऐवजी खुल्या खेळास उत्तेजन देणे हा त्याचा हेतू होता. २०१७ मध्ये जर्मनीच्या फ्लोरियान फुक्स यांच्या नेतृत्वाखाली दबंग मुंबईने साखळीत पहिले स्थान पटकाविले. परंतु २६ फेब्रुवारी रोजी चंडीगढ येथे झालेल्या अंतिम सामन्यात कलिंग लान्सर्सकडून तिला ४–१ अशी हार पतकरावी लागली. त्यानंतर स्पर्धा खंडित झाली. ती डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांचे आठ संघ होते व प्रथमच महिलांसाठीही स्वतंत्र स्पर्धा घेण्यात आली. सामने राउरकेला व रांची येथे झाले. पुनरुज्जीवित स्पर्धेच्या या हंगामात महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता.

मूल्यमापन : राष्ट्रीय संघाच्या दृष्टीने या स्पर्धेचा लाभ स्पष्ट आहे. जगातील उत्तम खेळाडूंबरोबर राहण्याची व खेळण्याची संधी मिळाल्याने तरुण भारतीय खेळाडूंची भीड चेपली. श्रीजेश, मनदीप व हरमनप्रीत हे तिघेही २०२१ मध्ये झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये ४१ वर्षांनंतर पदक मिळविणाऱ्या भारतीय संघात होते. या यशाला प्रशिक्षण, शासकीय साहाय्य इ. इतरही कारणे आहेत. पण लीगचा वाटा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने चित्र वेगळे दिसते. मराठा वॉरियर्स, मुंबई मरीन्स, पुणे स्ट्रायकर्स, मुंबई मॅजिशियन्स व दबंग मुंबई असे पाच व्यावसायिक संघ बारा-तेरा वर्षांत निर्माण झाले व लोपले. यांपैकी दोन संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. म्हणजे अडचण केवळ खेळाच्या दर्जाची नव्हती. संघ लिलावातून उभा राहतो, पण त्याचा प्रेक्षक व त्याचा पुढचा खेळाडू हे परिसरातूनच यावे लागतात. मुंबईत जन्मलेले व वाढलेले युवराज वाल्मीकी लीगमध्ये दिल्लीकडून खेळले, हे या तुटलेल्या नात्याचे निदर्शक आहे. मुंबईची लोकवस्ती दीर्घकाळ उत्तरेकडे सरकत आली असून २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली व २०१४ मध्ये हा भाग नवनिर्मित पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाला. महिंद्र हॉकी स्टेडियम मात्र दक्षिण मुंबईत चर्चगेट स्थानकानजीक आहे. विरार ते चर्चगेट हा उपनगरी रेल्वेमार्ग सु. ६० किमी. लांबीचा आहे. शाळा सुटल्यावर हे अंतर कापून कृत्रिम हिरवळीवर सराव करणे विरारच्या वा वसईच्या मुलाला दुष्कर आहे आणि रात्रीचा सामना पाहून परतणे प्रेक्षकालाही सोयीचे नाही.

यूरोपातील क्लब वा उत्तर अमेरिकेतील बर्फावरील हॉकीचे जुने संघ पिढ्यान्‌पिढ्या टिकले, याचे कारण वस्तीजवळचे क्रीडांगण, तेथे खेळणारी मुले आणि आपला संघ म्हणून त्याकडे पाहणारे लोक यांची त्यांना साथ लाभली. हॉकी इंडिया लीगच्या पहिल्या हंगामाने भारतीय खेळाडूस योग्य मोबदला मिळू शकतो, हे सिद्ध केले. त्याच हंगामाने हेही दाखविले, की परिसराशी बांधलेला नसलेला संघ राजकीय क्षोभापुढे व आर्थिक तोट्यापुढे फार काळ तग धरू शकत नाही. महाराष्ट्रात पुन्हा असा संघ उभारावयाचा झाल्यास त्याचा आरंभ लिलावाच्या सभागृहाऐवजी शाळांच्या मैदानांवर करणे अधिक हितावह ठरेल.