अंगचोर शिपायांची पलटण

मराठी शिकवणाऱ्याने फ्रेंच चित्रपटांत नाक खुपसू नये, हे मला कळते. पण फार्स हा आमच्याही रंगभूमीचा जुना पाहुणा. त्याच्या फ्रान्समधल्या गणगोताची विचारपूस केली, तर वाचक रागावणार नाहीत.

पलटणीवरच्या फार्साला तिकडे घरोघर प्रेक्षक होता, कारण घरोघर शिपाई होता. लष्करी नोकरी सक्तीची. १९०५ च्या कायद्याने ती दोन वर्षांची झाली आणि शिकल्यासवरल्या मुलांच्या सवलतीही गेल्या. त्याच सुमारास, १९०४ साली, ‘तीर-ओ-फ्लाँ’ म्हणजे ‘अंगचोर’ हे नाटक रंगमंचावर आले. एक श्रीमंत कविराज आणि त्यांचा नोकर जोसेफ एकाच बराकीत भरती होतात. कविराजांची पदोपदी फजिती. जोसेफ मात्र पाण्यातल्या माशासारखा मजेत!

१९२८ साली ज्याँ रन्वार याने त्यावर मूकपट काढला. कवी झाला पोमिएस हा नर्तक आणि जोसेफ झाला मिशेल सिमों. मी पोट धरून हसत होतो. मग विषारी वायूचे मुखवटे चढवून शिपाई रानात कवायतीला निघाले. कुणाला धड दिसेना, सगळी धडपड. हसू आलेच, पण घशात अडकले. १९१५ साली ईप्र गावापाशी असाच वायू खंदकांवर सोडला होता. त्याच वर्षी लढाईत रन्वारच्या पायाला गोळी लागली. तो जन्मभर लंगडत चालला. आणि तोच या मुखवट्यांवर हसवतो! याला कुणी निष्ठुरपणा म्हणेल. मी म्हणणार नाही.

१९३२ चा मोरीस तुर्नरचा पलटणपट याहून गुबगुबीत. कूर्तलीनच्या जुन्या पुस्तकावरचा. रेमू, फर्नांदेल, गाबँ एकाच बराकीत. वरून तडकणारा, आतून मऊ असा रेमूचा कप्तान झकासच. पण त्या गमती महायुद्धापूर्वीच्या. तिथे मुखवटे नाहीत. म्हणून मला रन्वारच अधिक आठवतो.

आणखीही एक कारण आहे. माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. सुट्टीवर आला, की बराकीतल्या फजित्या सांगून घर डोक्यावर घेतो. सीमेवरचे काही विचारले, तर वहिनीकडे चहा मागतो. गेल्या खेपेस त्याला तो मुखवट्यांचा प्रसंग दाखवला. डोळ्यांत पाणी येईतो हसला. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाला, “दादा, पुन्हा लाव.”