दारातच अडलेला संगणक

परवलीचा शब्द बरोबर टाकला, पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा तोच शब्द विचारणारी चौकट समोर! लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाचा हा हट्ट भल्याभल्यांना घाम फोडतो. आत लग्नाचे फोटो, मुलांचे प्रकल्प, घरखर्चाचा हिशेब. त्यात कुणी जाणकार सुचवतो, ‘सगळं पुसून नव्याने टाका.’ ही घाई मात्र करू नये.

लिनक्समध्ये प्रवेशाचा पडदा हा स्वतंत्र प्रोग्राम असतो. त्याचे काम दरवानाचे. ओळख पटली की तो डेस्कटॉप सुरू करून देतो. दरवान अडखळला म्हणून घरातले सामान नाहीसे होत नाही.

शब्द चुकल्याचा संदेश आला, तर कॅप्स लॉक पाहावे. कळफलक मराठीवर राहिला नाही ना, तेही तपासावे. मराठीत लिहिणाऱ्या घरांत हे सहज घडते. संदेश न येता पडदा नुसताच परतला, तर बहुधा शब्द बरोबर असतो आणि डेस्कटॉप सुरू होतानाच कोसळत असतो.

अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकदम दाबाव्यात. काळ्या पडद्यावर नाव विचारले जाते. येथे परवलीचा शब्द टाइप करताना साध्या चांदण्याही उमटत नाहीत. घाबरू नये, टाइप करून एन्टर दाबावे. मग इंग्रजी लहान अक्षरांत ‘डीएफ’, एक जागा सोडून आडवी रेघ आणि ‘एच’ असा हुकूम द्यावा. डिस्कचा कोणता भाग किती भरला, ते टक्क्यांत दिसते. ‘लूप’ नावाच्या ओळी १०० टक्के दिसल्या तरी काळजी नको, त्या तशाच असतात. मुख्य डिस्कच १०० टक्के भरली असेल, तर दुखणे सापडले! डेस्कटॉपला आपल्या छोट्या फायली लिहायलाही जागा उरलेली नसते. उतरवून घेतलेला एखादा सिनेमा काढला तरी पुष्कळदा काम भागते. पण या पडद्यावरून पुसलेले कचरापेटीत जात नाही, हे ध्यानात ठेवावे.

जुन्या ‘एक्स’ पद्धतीच्या डेस्कटॉपवर आणखी एक कारण आढळते. ‘डॉट एक्सऑथॉरिटी’ या फाइलची मालकी चुकून प्रशासकाकडे गेलेली असते. ती पुसू नये, तिचे नाव बदलावे. पुढच्या प्रवेशाच्या वेळी नवी तयार होते.

एवढ्यानेही दार उघडले नाही, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून फोटो आणि हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवावेत. डिस्क कुलूपबंद केलेली असेल, तर तिचा वेगळा परवलीचा शब्द लागेल. मगच संगणक दुरुस्तीवाल्याच्या हाती द्यावा.