पुढे सायकल, मागे माणसं

एखाद्या चांगल्या कामासाठी कुणी शेकडो मैल सायकल चालवली, की त्याचं छायाचित्र छापून येतं. गळ्यात हार, चेहऱ्यावर थकवा आणि हसू. त्याच्या मागून मोटारीतून आलेली माणसं मात्र त्या छायाचित्रात सहसा नसतात. तो सुखरूप पोहोचला यात त्यांचाही मोठा वाटा असतो.

नाशिकच्या महाजन बंधूंचंच उदाहरण घ्या. डॉ. हितेंद्र भूलतज्ज्ञ, तर डॉ. महेंद्र दंतवैद्य. जून २०१५ मध्ये या दोघा भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा पूर्ण केली. दोघांच्या गटात ती पूर्ण करणारा हा पहिला भारतीय संघ. आदिवासींच्या डोळ्यांच्या उपचारांसाठी मदत उभी करायची, हा त्यामागचा हेतू होता. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडहून निघायचं आणि पूर्वेकडच्या ॲनापोलिसला पोहोचायचं. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. संघांना मुदत ९ दिवसांची. महाजन बंधू ८ दिवस, १४ तास, ५५ मिनिटांत पोहोचले. म्हणजे हाताशी उरले होते जेमतेम नऊ तास!

या स्पर्धेत घड्याळ थांबत नाही. एक भाऊ सायकलवर असतो, तेव्हा दुसऱ्याने गाडीत चार घास खायचे, कपडे बदलायचे, जमली तर डुलकी काढायची. मग पुन्हा पाळी त्याची. सुरुवातीला वाळवंटातला भाजून काढणारा उन्हाळा, पुढे कोलोराडोत ३,३०० मीटर उंचीवरचा वुल्फ क्रीक घाट, त्यानंतर कॅन्सासच्या सपाट माळावरचा वारा आणि शेवटी, अंगातलं बळ संपत आलेलं असताना, ॲपलेशियन पर्वतातले चढउतार.

हे सगळं सांभाळायला मदतनीसांचं पथक लागतं. एक जण गाडी चालवतो, दुसरा वाट दाखवतो, तिसरा पाणी आणि खाणं पुरवतो. पंक्चर काढणारा हवा, पाय चोळून देणारा हवा. रात्री तर नियमच असा, की गाडीने सायकलच्या अगदी मागे राहायचं आणि स्वाराने तिच्या दिव्यांच्या उजेडातच चालवायचं. सायकलच्या वेगाने तासन्‌तास गाडी हाकताना डोळा लागू न देणं सोपं नव्हे!

धोका खरा आहे. २००५ साली याच स्पर्धेत अयोवाचे अस्थिशल्यविशारद बॉब ब्रीडलव्ह कोलोराडोत समोरच्या वाहनाशी टक्कर होऊन मृत्युमुखी पडले. शरीरही दगा देतं. १९८३ साली मायकेल शर्मर यांच्या मानेचे स्नायू इतके थकले, की डोकं वर धरता येईना. या दुखण्याला आज त्यांच्याच नावाने ओळखतात. झोप न मिळालेल्या स्वाराला नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. अशा वेळी आपण ठीक आहोत की नाही, हे त्याचं त्याला कळेनासं होतं.

म्हणूनच पथकाचं सर्वांत अवघड काम पाणी देण्याचं किंवा पंक्चर काढण्याचं नाही. ‘आता उतर, झोप’ हे सांगण्याचं आहे. स्वार नाही म्हणतो, मुदत संपत येते, देणगी देणाऱ्यांच्या नजरा लागलेल्या असतात. तरीही जो थांबवतो, तोच खरा सोबती. नवी मुंबईचे कबीर राचुरे यांनी २०१९ मध्ये ही स्पर्धा एकट्याने पूर्ण केली, तेव्हा पथकाची धुरा त्यांच्या बहिणीकडे होती. घरचं माणूस असलं, की हा शब्द ऐकला जाण्याची शक्यता वाढते.

आपल्याकडेही अनेक तरुण काश्मीर ते कन्याकुमारी किंवा मुंबई ते गोवा अशा फेऱ्या काढतात आणि शाळेसाठी, रुग्णांसाठी पैसे जमवतात. तुमच्या घरातून कुणी निघालं असेल, तर कौतुक जरूर करा. वर्गणी देण्यापूर्वी मात्र चार प्रश्न विचारा. मागे गाडी आहे का? तिचा चालक झोपणार कधी? थांबायचं हे ठरवणार कोण? आणि प्रवासाचा खर्च वजा जाता गरजूंच्या हाती किती पडणार? या प्रश्नांची उत्तरं तयार असतील, तर बिनदिक्कत वर्गणी द्या. नसतील, तर फेरी महिनाभर पुढे ढकलायला सांगा. उशिरा पोहोचलेला पैसाही रुग्णाच्या उपयोगी पडतो. पण त्यापायी दुसरंच एखादं घर उजाड होता कामा नये.