विमानाला किती वेळ लागतो?

पेडगाव हे परभणी–मनमाड लोहमार्गावरचे एक लहानसे गाव आहे. समजा, तुम्ही तेथे राहता आणि तुमचे आजी-आजोबा उमराहसाठी जेद्दाला निघाले आहेत. त्यांचे विमान मुंबईहून रात्री ८ वाजता सुटणार आहे. त्यांनी घरून केव्हा निघावे? विचार करून सांगा, कारण विमान कोणासाठी थांबत नाही.

पेडगावला जवळचा विमानतळ नांदेडचा. नांदेड ते मुंबई हे रेल्वेचे अंतर सुमारे ६०० किलोमीटर आहे. हवाई अंतर मात्र सुमारे ४७० किलोमीटरच आहे. असे का? आगगाडी छत्रपती संभाजीनगर, मनमाड, नाशिक अशी वळणे घेत जाते. विमानाला डोंगर आडवे येत नाहीत. नकाशा उघडून पाहा. नांदेड आणि मुंबई जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत; म्हणून विमान सरळ पश्चिमेला जाते.

आता वेळ काढू. अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो. पंख्याचे लहान विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडते. म्हणजे ४७० किलोमीटरला ५६ मिनिटे लागतील. पण हा वेग विमानाला उंचावर गेल्यावरच मिळतो. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे यांत वेळ जातो. म्हणून सव्वा तास धरावा.

प्रवास मात्र विमानात सुरू होत नाही. तो घराच्या दारात सुरू होतो. जायचे पश्चिमेला, पण पेडगावच्या माणसाला आधी सुमारे ७० किलोमीटर पूर्वेला नांदेडला जावे लागते! त्याला २ तास धरा. तपासणीसाठी २ तास आधी पोहोचावे. मुंबईला उतरून सामान घेण्यास पाऊण तास लागतो. सगळे मिळून ६ तास झाले! परदेशी विमानासाठी मुंबईत ३ तास आधी हजर राहावे लागते. म्हणजे संध्याकाळी ५ ला पोहोचण्यासाठी घरून सकाळी ११ पूर्वीच निघायला हवे. आणि नांदेडहून त्या वेळेला विमान आहे की नाही, हेही आधी पाहावे.

मुंबई ते जेद्दा हे हवाई अंतर सुमारे ३५०० किलोमीटर आहे. मोठ्या जेट विमानाला सुमारे ५ तास लागतात. रात्री ८ ला सुटलेले विमान १ वाजता पोहोचेल. पण जेद्दाच्या घड्याळात तेव्हा रात्रीचे साडेदहाच वाजलेले असतील! पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशावरून ठरते, तर सौदी अरेबियाची ४५ पूर्व रेखांशावरून. फरक ३७.५ अंशांचा, म्हणजे अडीच तासांचा.

तेव्हा आजोबांचा फोन साडेदहाला आला नाही, तर घाबरू नका. ते अजून आकाशातच असतील. अंतर, वेग, घरापासूनचा वेळ आणि तिथले घड्याळ, या चारही गोष्टी पाहिल्या म्हणजे हिशेब पुरा होतो.

स्वाध्याय

१. रेल्वेचे अंतर हवाई अंतरापेक्षा जास्त का असते?
२. जेद्दात दुपारचे १२ वाजले असता पेडगावात किती वाजतात?
३. तुमच्या गावाहून मुंबईला जाण्यास लागणारा पूर्ण वेळ काढा.