तलावात औषध उतरलं की मासळीचं आणि आपलं काय होतं?

मच्छीमार बांधवांनो, पहिल्या पावसात शेतातलं पाणी तलावात येतं आणि कधी कधी मासळी उलटी होऊन तरंगते. औषध उतरलं, असं आपण म्हणतो. पण ते करतं काय?

नस स्नायूला आवळायचा निरोप देते तो ॲसिटिलकोलीन या रसायनातून. काम झालं की ते लगेच तोडून टाकणारं एक एन्झाइम असतं, ॲसिटिलकोलिनेस्टरेज. क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही औषधं नेमकी त्यालाच चिकटतात आणि त्याचं काम बंद पाडतात. मग निरोप थांबतच नाही. स्नायू फडफडत राहतात आणि शेवटी लुळे पडतात. किडा असाच मरतो. पण हेच एन्झाइम रोहू-कटल्यात आहे, आपल्यातही आहे. माशाचा तोल जातो, कल्ले चालेनासे होतात. माणसाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, आणि जीव जातो तो श्वास थांबून. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले.

आपल्या बरखेड्यात कार्बाइडचं नाव कोणाला सांगायला नको. तिथे बनायचं ते सेव्हिन, म्हणजे कार्बारिल, याच एन्झाइमला धरतं. फरक एवढाच की त्याची पकड काही तासांत सुटते. फॉसवाल्यांची पकड मुरली की सुटत नाही, शरीराला नवं एन्झाइम बनवावं लागतं आणि त्याला आठवडे लागतात. (१९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्री सुटला तो सेव्हिन नव्हे, त्याचा कच्चा माल, मिथाइल आयसोसायनेट. त्याने डोळे आणि फुफ्फुसं जाळली. लोक दोन्हींची गल्लत करतात.)

सायपरमेथ्रिनची वाट वेगळी, ते थेट नसांवर जातं. माणसापेक्षा माशाला ते कितीतरी जास्त विषारी.

मासळी ऑक्सिजन कमी पडून मेली की औषधाने? ऑक्सिजनची मर बहुधा पहाटे होते, मासे वर येऊन तोंड उघडतात, मोठे आधी जातात. औषधाची मर कुठल्याही वेळी होते, आणि झिंगे, पाणकिडेसुद्धा मरतात. अशी मासळी विकू नका, घरी नेऊ नका. त्याच दिवशी पाण्याचा नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत भरून मत्स्य विभागाला कळवा.

माणसाला लागलं तर कपडे काढा, साबणाने अंग धुवा, दवाखान्यात न्या. औषधाचा डबा सोबत घ्याच. ॲट्रोपिन डॉक्टर देतीलच, पण प्रालिडॉक्झिम द्यायचं की नाही ते डब्यावरचं नाव बघून ठरतं.